रिपोर्टवर ‘अँटीबॉडी पॉझिटिव्ह’ लिहिलंय, म्हणजे आजार आहे की गेला? (हेपटायटिस बी)

गोदातीर

कारखान्याच्या शिबिरात रक्त तपासलं, मग पुढच्या चाचण्या झाल्या आणि आमच्या कॉलनीतल्या तिघांचे रिपोर्ट माझ्या फोनवर आले. तिघेही अंबड एमआयडीसीत कामाला. एकाचा एचबीएसएजी (विषाणूच्या आवरणाचं प्रथिन) पॉझिटिव्ह. दुसऱ्याचा अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह. तिसऱ्याचा अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आणि बाकी सगळं निगेटिव्ह. ‘पॉझिटिव्ह’ वाचून तिन्ही घरांत रात्री कुणाला जेवण गेलं नाही. यातल्या दुसऱ्याने खरं तर पेढे वाटायला हरकत नव्हती. हेपटायटिस बीपासून वाचवणारी अँटीबॉडी त्याच्या अंगात तयार आहे, एवढाच त्या रिपोर्टचा अर्थ.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. औषधं, डोस हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पण शरीर हा विषाणू कसा घालवतं आणि त्यात अँटीबॉडीचा वाटा किती, हे कळलं की रिपोर्ट वाचताना निम्मी भीती जाते. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला लागतो. अंगात आला की तो थेट लिव्हर गाठतो. लिव्हरच्या पेशीवर एनटीसीपी नावाचं प्रथिन असतं. पित्तातले क्षार रक्तातून पेशीत ओढून घेणं हे त्याचं रोजचं काम. विषाणूच्या आवरणाचा प्रीएस१ हा भाग नेमका त्यालाच चिकटतो आणि विषाणू आत जातो. हा रस्ता बीजिंगमधल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली शोधला, म्हणजे विषाणू सापडून चाळीसेक वर्षं उलटल्यावर! आत गेल्यावर पेशीच्या केंद्रकात तो आपल्या डीएनएचं एक बंद वर्तुळ करून ठेवतो. त्याला सीसीसीडीएनए म्हणतात. पुढच्या सगळ्या प्रती त्यावरून निघतात. या वर्तुळाचं नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

विषाणू स्वतः लिव्हरची पेशी मारत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. तो आत बसून मुकाट प्रती काढत राहतो. डोळे पिवळे होतात, एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य) हजारावर जातं, ते आपल्याच टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, विषाणू शिरलेल्या पेशींवर तुटून पडतात तेव्हा. म्हणून लागण झाल्यावर दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त, माणूस ठणठणीत फिरतो आणि मग एकदम अंथरूण धरतो.

आता अँटीबॉडी. प्रतिकारशक्तीच्या बी पेशी हे प्रथिन तयार करतात आणि ते रक्तात फिरतं. पेशीच्या आत बसलेल्या विषाणूपर्यंत अँटीबॉडी पोचत नाही. तिचा सगळा पराक्रम पेशीबाहेरचा. विषाणू एका पेशीतून निघून दुसरीकडे निघाला की वाटेत त्याच्या आवरणाला चिकटायचं, प्रीएस१ एनटीसीपीवर बसूच द्यायचा नाही, आणि चिकटलेला सगळा गठ्ठा लिव्हरमधल्या भक्षक पेशींच्या हवाली करायचा. हे काम करणारी मुख्य अँटीबॉडी म्हणजे अँटी-एचबीएस. ती विषाणूच्या बाहेरच्या आवरणाविरुद्ध असते.

अँटी-एचबीसी वेगळी. ती आवरणाच्या आतल्या गाभ्याविरुद्ध तयार होते. बाहेर फिरणाऱ्या विषाणूचा गाभा आवरणात झाकलेला असतो, त्यामुळे ही अँटीबॉडी कितीही असली तरी विषाणू अडत नाही. मात्र खूण म्हणून तिच्यासारखी पक्की दुसरी नाही. लशीत गाभा नसतोच. म्हणून अँटी-एचबीसी दिसली की या माणसाला कधी ना कधी खऱ्या विषाणूची लागण झाली होती असं मानतात. तिचा आयजीएम प्रकार (लागण झाल्यावर सुरुवातीला बनणारी अँटीबॉडी) असेल तर बहुधा अलीकडेच. (जुना आजार उसळला तरी आयजीएम दिसू शकतं, म्हणून बहुधा.)

मग इतकी चांगली अँटी-एचबीएस असताना विषाणू सहजासहजी का हरत नाही? कारण विषाणू जितक्या खऱ्या प्रती काढतो त्याच्या हजारो पट रिकामी आवरणं रक्तात सोडतो. त्यांच्या आत काहीच नसतं, नुसतं एचबीएसएजी. द्राक्षाच्या हंगामात पिंपळगावच्या नाक्यावर हजार टेम्पो एकदम आले, माल एकातच आणि बाकी रिकामे, आणि तपासणाऱ्याला प्रत्येक टेम्पो थांबवावाच लागतो म्हटलं तर काय होईल? तसंच रक्तात होतं. सुरुवातीला तयार झालेली बहुतेक अँटीबॉडी या रिकाम्या आवरणांना चिकटून खर्ची पडते. खऱ्या विषाणूला गाठायला थोडीच उरते.

त्यामुळे बरं होणाऱ्या माणसाच्या रिपोर्टमध्ये एक क्रम दिसतो. आधी एचबीएसएजी येतं. मग अँटी-एचबीसी आयजीएम. टी पेशी पेशी-पेशीतून विषाणू हटवू लागतात, रिकामी आवरणं बनणं घटतं, एचबीएसएजी दिसेनासं होतं. यानंतर काही आठवडे असे जातात की एचबीएसएजीही निगेटिव्ह आणि अँटी-एचबीएसही निगेटिव्ह. याला विंडो पीरियड म्हणतात आणि त्या काळात फक्त अँटी-एचबीसी आयजीएम हाच पुरावा. नंतर अँटी-एचबीएस वर येते आणि बहुतेकांत वर्षानुवर्षं राहते.

मोठ्या माणसाला लागण झाली तर १०० पैकी ९५ हून जास्त जणांत हा क्रम पुरा होतो. जन्मताना लागण झालेल्या बाळांत उलटं, ९० टक्के बाळांत विषाणू कायमचा मुक्काम करतो. एक ते पाच वर्षांच्या मुलांत साधारण ३० टक्के. एचबीएसएजी सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की त्याला जुनाट आजार म्हणतात.

कॉलनीतल्या पहिल्याला हेच सांगितलंय की आधी लिव्हरच्या डॉक्टरांना दाखव, आणि एचबीएसएजी सहा महिन्यांनी पुन्हा कर. प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

---

सिन्नरकर

ताई, फार उपयोगी लिहिलंत. माझ्या मेव्हण्याला मागच्या उन्हाळ्यात कावीळ झाली, तपासणीत बी निघाली. दवाखान्यात ॲडमिट होता. पण आमच्याकडे सगळे म्हणाले की काविळीला डॉक्टरचं औषध नसतंच. मग गावात एकाकडे नेऊन झाडपाल्याचं औषध दिलं, चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ उतरवली, तेल-तूप बंद, उसाचा रस सुरू. दोन महिन्यांत ठणठणीत झाला. आता घरचे म्हणतात औषधानेच बरा झाला. तुमच्या हिशोबाने तो अँटीबॉडीने बरा झाला का?

---

गोदातीर

सिन्नरकर दादा, मेव्हणे बरे झाले हे ऐकून खरंच बरं वाटलं. त्यांचं वय तिशीच्या आतबाहेर असेल तर ते त्या ९५ मधलेच. टी पेशींनी लिव्हर साफ केलं, अँटी-एचबीएसने परतीची वाट बंद केली. हे सगळं उपास केला असता, न केला असता, तरी घडलंच असतं. शंभर माणसं औषधवाल्याकडे गेली की पंच्याण्णव बरी होतात आणि गावभर त्याचं नाव होतं. राहिलेल्या चार-पाच जणांचे डोळेही पांढरे होतात, भूक लागते, सगळे म्हणतात उतरली. आणि आत एचबीएसएजी तसंच राहतं. वीस-पंचवीस वर्षांनी पोटात पाणी होतं किंवा लिव्हरचा कॅन्सर निघतो, तेव्हा त्या काविळीशी त्याचा संबंध कुणी लावत नाही. मला याची सगळ्यात जास्त चीड येते.

झाडपाल्याची दुसरी अडचण अशी की आधीच सुजलेल्या लिव्हरला त्यातली काही द्रव्यं आणखी दुखावतात. काही रुग्णांचं लिव्हर त्यामुळे पूर्ण बंद पडलेलं आहे. तेल-तूप तोडून उपाशी ठेवण्यानेही काही साधत नाही, खाल्लेलं पचत असेल तर घरचं साधं जेवण चालतं. दारू मात्र पूर्ण बंद.

मेव्हण्यांच्या दोन तपासण्या करून घ्या, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस. पहिली निगेटिव्ह आणि दुसरी पॉझिटिव्ह आली की ते बरे झाले असं समजा. आणि बहिणीची तपासणी आणि लस?

---

सिन्नरकर

बहिणीची तपासणी केली होती, निगेटिव्ह. लशीचं कुणी सांगितलंच नाही. या आठवड्यातच घेऊन जातो.

---

पेशीवेडा

लेख चांगला आहे, पण अँटीबॉडीला जरा जास्तच श्रेय दिलंय असं वाटलं. मी पुण्यात इम्युनॉलॉजीत काम करतो, मूळचा देवळाली कॅम्पचा. चिंपांझींवरचे २००३ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग पाहा. लागण झालेल्या चिंपांझींच्या रक्तातून सीडी८ टी पेशी (लागण झालेल्या पेशींवर थेट हल्ला करणाऱ्या) तात्पुरत्या काढून टाकल्या, तर त्या परत येईपर्यंत विषाणू हटलाच नाही. सीडी४ पेशी (इतर पेशींना मदत करणाऱ्या टी पेशी) काढल्या, तेव्हा फारसा फरक पडला नाही. म्हणजे साफसफाई करणारे सीडी८ च. शिवाय लिव्हरमधला बहुतेक विषाणू एसजीपीटी शिखरावर जायच्या आधीच घटलेला असतो, कारण टी पेशी इंटरफेरॉन गॅमासारखी द्रव्यं सोडून पेशी न मारताही आतला विषाणू दाबतात. अँटी-एचबीएस तर सगळ्यात शेवटी दिसते. लढाई संपल्यावर आलेल्याला विजेता कसं म्हणायचं?

---

गोदातीर

सर, सीडी८ बद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. आतली पेशी साफ करणं हे त्यांचंच काम, आणि मूळ लेखातही तेच म्हटलंय. पण ‘सगळ्यात शेवटी दिसते’ आणि ‘सगळ्यात शेवटी तयार होते’ यात फरक आहे. चाचणीत फक्त मोकळी अँटीबॉडी मोजली जाते. रिकाम्या आवरणांना चिकटलेली मोजली जात नाही. ती आधीपासून असते याची खूण पेशंटच्या अंगावरच दिसते. काहींना कावीळ दिसायच्या आधी ताप येतो, सांधे धरतात, अंगावर पित्तासारखे चट्टे उठतात. एचबीएसएजी आणि अँटीबॉडी यांचे गठ्ठे सांध्यांत आणि रक्तवाहिन्यांत अडकतात त्यामुळे हे होतं. म्हणजे त्या वेळी अँटीबॉडी कामाला लागलेली असते, फक्त रिपोर्टवर उमटत नाही.

आणि अँटीबॉडीची ताकद बघायची तर लिव्हर ट्रान्सप्लांटकडे बघा. हेपटायटिस बीने लिव्हर निकामी झालेल्या माणसाला नवीन लिव्हर बसवलं, तर पूर्वी बहुतेकांच्या नव्या लिव्हरमध्येही रक्तातून विषाणू शिरायचा आणि तेही जायचं. अशा रुग्णांना ट्रान्सप्लांट करावं की नाही यावरच वाद होता. नव्वदच्या दशकात शस्त्रक्रियेच्या वेळेपासूनच एचबीआयजी, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली तयार अँटी-एचबीएस, मोठ्या डोसमध्ये द्यायला लागले आणि चित्र पालटलं. पेशंटला त्या काळात टी पेशी दाबणारी औषधं चालू असतात हे लक्षात घ्या. तरी नवं लिव्हर वाचतं, कारण विषाणू आत शिरूच शकत नाही. आता सोबत विषाणूरोधक गोळ्याही असतात, पण पायंडा अँटीबॉडीने पाडला.

माझं म्हणणं एवढंच आहे की आत शिरलेला विषाणू काढायला टी पेशी लागतात. शिरायच्या आधी गाठायचा तर अँटीबॉडीला पर्याय नाही.

---

पेशीवेडा

ट्रान्सप्लांटचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. एक भर घालतो. जुनाट रुग्णांतही एचबीएसएजीविरुद्धच्या बी पेशी असतात. त्या नाहीशा झालेल्या नसतात. पण वर्षानुवर्षं त्याच प्रथिनाचा मारा सोसून थकलेल्या असतात, धड अँटीबॉडी सोडत नाहीत. टी पेशींचंही तेच. नव्या उपचारांवर जे काम चाललंय त्यातला मोठा भाग आधी रक्तातलं एचबीएसएजी कमी करायचं आणि मग या थकलेल्या पेशी जाग्या होतात का ते पाहायचं, असा आहे. बाहेरून प्रयोगशाळेत बनवलेल्या अँटीबॉडी देऊन पाहण्याचेही प्रयोग माणसांवर सुरू आहेत.

---

निफाडचा_शेतकरी

मला साधं विचारायचंय. मला हा आजार आहे. रक्तदान शिबिरात कळलं. टेनोफोविर चालू आहे, सिव्हिलमधून मिळतं. डॉक्टर म्हणतात विषाणू रक्तात दिसत नाही, पण एचबीएसएजी पॉझिटिव्हच आहे. मग मी हेपटायटिस बीची लस टोचून घेतली तर अँटीबॉडी तयार होऊन बरा नाही का होणार? मेडिकलवाला म्हणाला घ्या, काही बिघडत नाही.

---

गोदातीर

दादा, लशीत असतं ते एचबीएसएजीच. ते तुमच्या रक्तात आधीच लशीच्या कितीतरी पट आहे आणि शरीर त्याला सरावलंय. त्यात चिमूटभर आणखी टाकून काही होत नाही. नुकसान नाही हे खरं, पण पैसे वाया. तेच पैसे घरच्यांच्या लशीवर घालवा.

टेनोफोविर विषाणूच्या प्रती काढण्याची प्रक्रिया अडवतं. केंद्रकातलं ते सीसीसीडीएनएचं वर्तुळ मात्र शाबूत राहतं आणि त्यावरून एचबीएसएजी बनत राहतं. म्हणून विषाणू ‘दिसत नाही’ आणि एचबीएसएजी ‘पॉझिटिव्ह’ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. जुनाट रुग्णांपैकी वर्षाला साधारण एक टक्क्यात एचबीएसएजी आपणहून जातं आणि काहींत अँटी-एचबीएसही येते. आज डॉक्टर त्यालाच बरं होणं मानतात.

एक हात जोडून विनंती. बरं वाटतंय म्हणून गोळी मनाने बंद करू नका. द्राक्षाची छाटणी, बाजार, लग्नसराई, काहीही असो. मध्येच गोळी सोडली की विषाणू उसळतो आणि टी पेशी एकदम हल्ला चढवतात, त्यात लिव्हर निकामी झाल्याची उदाहरणं आहेत. आणि सोनोग्राफी डॉक्टर सांगतील तेव्हा कराच.

---

निफाडचा_शेतकरी

धन्यवाद ताई. घरात माझं ताट वेगळं ठेवलंय. ते बरोबर आहे का? पोरगी जवळ आली की बायको ओढून घेते.

---

स्टाफनर्स_पंचवटी

दादा, आजच्या आज ते ताट सगळ्यांच्या ताटांत ठेवा. जेवणातून, पाण्यातून, शिंकेतून, मिठी मारून, मांडीवर घेऊन हा आजार जात नाही. वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर. जखम झाली तर झाकायची. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू आठवडाभर तग धरतो, म्हणून रक्त सांडलं तर ब्लीचने पुसायचं. बायको आणि मुलीची तपासणी करा आणि लागण नसेल तर लस पुरी करा. मुलगी २०११ नंतरची असेल तर सरकारी लसीकरणात तिला हेपटायटिस बी मिळालेलीही असेल, कार्ड बघा. लेकराला जवळ घ्या हो.

---

आई_होणारी

हे सगळं वाचून धीर करून लिहिते आहे. मी इंदिरानगरला राहते, सातवा महिना चालू आहे. माझा एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला आहे. सासरी अजून सांगितलेलं नाही. वर लिहिलंय की बाळांत ९० टक्के कायमचा राहतो. मला रात्र रात्र झोप नाही. शिवाय माझा अँटी-एचबीसीही पॉझिटिव्ह आहे. आईच्या अँटीबॉडी बाळाला जातात ना? मग त्या वाचवतील का?

---

गोदातीर

ताई, आधी हे ऐका. ते ९० टक्के काहीच केलं नाही तर. वेळेवर केलं तर बहुतेक सगळी बाळं वाचतात.

तुमची अँटी-एचबीसी वारेतून बाळाला जाईल, पण ती गाभ्याविरुद्धची, विषाणू अडवणारी नव्हे. अडवणारी अँटी-एचबीएस तुमच्या रक्तात मोकळी नाही, म्हणून ती बाळाला बाहेरून द्यायची. लागण बहुतेक वेळा प्रसूतीच्या वेळी, आईच्या रक्ताशी संपर्क येतो तेव्हा होते. त्यामुळे जन्मल्यावर लगेचचे काही तास फार मोलाचे. बाळाला जन्मल्यापासून १२ तासांच्या आत एचबीआयजी द्यायची आणि त्याच वेळी दुसऱ्या मांडीत लशीचा पहिला डोस. एचबीआयजी तयार अँटीबॉडी आहे, ती लगेच कामाला लागते पण काही महिन्यांत संपते. तोवर लशीने बाळाची स्वतःची अँटीबॉडी उभी राहते. मी एवढा मोठा लेख लिहिला त्यातली अँटीबॉडीची सगळ्यात मोठी कामगिरी हीच आहे. इथे टी पेशींची वाट बघावी लागत नाही, कारण विषाणूला लिव्हरमध्ये पाय रोवायलाच मिळत नाही.

तुमच्या डॉक्टरांना एचबीव्ही डीएनए, म्हणजे व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण), आणि एचबीईएजी (विषाणू जोरात वाढतोय का ते दाखवणारं प्रथिन) तपासायला सांगा. लोड दोन लाखांच्या वर असेल तर शेवटच्या महिन्यांत टेनोफोविर देतात. ते गरोदरपणात चालतं.

---

स्टाफनर्स_पंचवटी

प्रसूतीगृहातली बाजू मी सांगते. एचबीआयजी फ्रीजमध्ये ठेवावी लागते आणि प्रत्येक ठिकाणी तयार नसते. कळा सुरू झाल्यावर नातेवाईक रात्री दोन वाजता मेडिकल शोधत फिरतात, असं मी पाहिलंय. म्हणून आठव्या महिन्यातच विचारून ठेवा: इंजेक्शन आहे का, नसेल तर कोण आणणार. राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून आहे, त्यात ही सोय आहे, त्र्यंबक रोडला सिव्हिलमध्ये चौकशी करा. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडच्या ज्या बायका हे वाचत असतील त्यांनी तर तारखेच्या आधीच नाशिकात येऊन राहण्याची सोय बघावी.

फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, म्हणजे ड्युटी बदलली तरी नव्या सिस्टरला कळेल. फक्त या कारणासाठी सिझर करायची गरज नसते. बाळाला इंजेक्शन मिळालं की अंगावर पाजायला काही हरकत नाही, मनात किंतू ठेवू नका. नंतर दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट लस असते, त्यात हेपटायटिस बी आहेच. एकही चुकवायची नाही.

आणि ताई, नवऱ्याला सांगा. त्यांचीही तपासणी हवी. सासूबाईंना कसं सांगायचं ते दोघं मिळून ठरवा, पण एकट्या राहू नका.

---

लेक

माझ्या बाबांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आहे, केमोसोबत रिटुक्सिमॅब सुरू होणार. त्याआधीच्या तपासणीत एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह, अँटी-एचबीएस थोडी पॉझिटिव्ह. त्यांना कधी कावीळ झाल्याचं आठवतही नाही. डॉक्टरांनी हेपटायटिसची गोळी आधी सुरू करायला सांगितली. आजार नाही मग गोळी कशाला, असा प्रश्न घरात सगळ्यांना पडलाय. आधीच इतकी औषधं.

---

गोदातीर

गोळी सुरू करा, अजिबात रेंगाळू नका.

बाबांना कधीतरी लागण होऊन गेली, तीही कळली नाही. (अनेकांना कळतच नाही.) शरीराने ती आवरली. पण आवरली म्हणजे मुळासकट उपटली असं नाही. काही लिव्हर पेशींत ते सीसीसीडीएनएचं वर्तुळ गप्प पडून असतं. त्यातून एखादा विषाणू निघाला की अँटी-एचबीएस त्याला रक्तातच पकडते आणि टी पेशी ती पेशी गाठतात. हा पहारा वर्षानुवर्षं चालू असतो.

रिटुक्सिमॅब लिम्फोमावर उत्तम औषध आहे, पण ते बी पेशीच संपवतं. केमो आणि स्टेरॉइड टी पेशी दाबतात. पहारा उठला की विषाणू पुन्हा भरभरून वाढतो. आणि उपचार थांबून प्रतिकारशक्ती परतली की वाढलेल्या विषाणूवर ती एकदम तुटून पडते, त्यात कॅन्सरमधून वाचलेला माणूस लिव्हरमुळे जाऊ शकतो. एंटेकाव्हिर किंवा टेनोफोविर हे टाळतं. रिटुक्सिमॅब संपल्यावरही निदान वर्षभर, पुष्कळदा दीड वर्ष गोळी चालू ठेवतात, कारण बी पेशी सावकाश परत येतात. तुमच्या डॉक्टरांनी अँटी-एचबीसी करायला सांगितली, हे फार चांगलं केलं. नुसतं एचबीएसएजी पाहून सोडलं असतं तर हे कळलंच नसतं.

---

पेशीवेडा

@गोदातीर, कालच्या वादात हाच मुद्दा तुमच्या बाजूने आणखी एक पुरावा आहे. प्रामुख्याने बी पेशींवर काम करणारं औषध विषाणूला मोकळं सोडतं, म्हणजे बी पेशी आणि त्यांच्या अँटीबॉडी रोज काहीतरी अडवून धरत होत्या.

---

जुना_नाशिककर

वाचून आठवलं. आमचे रविवार कारंजावरचे फॅमिली डॉक्टर चिठ्ठीवर ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ लिहायचे. ती हीच तपासणी का? ऑस्ट्रेलियाचा संबंध कसा?

---

गोदातीर

हीच, काका. आणि तिचा शोधही अँटीबॉडीमुळेच लागला. १९६० च्या दशकात बरूक ब्लूमबर्ग हे अमेरिकन शास्त्रज्ञ जगभरच्या लोकांच्या रक्तातला फरक अभ्यासत होते. हिमोफिलियाच्या रुग्णांना खूपदा रक्त चढवलेलं असतं, त्यामुळे त्यांच्या अंगात परक्या प्रथिनांविरुद्ध नाना अँटीबॉडी तयार झालेल्या असतात. अशा एका रुग्णाच्या रक्तातली अँटीबॉडी ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तातल्या प्रथिनाला चिकटली. ते प्रथिन म्हणजे एचबीएसएजी. कावीळ शोधायला ते निघालेच नव्हते. १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांचा वाढदिवस २८ जुलै, म्हणून जागतिक हेपटायटिस दिन त्या दिवशी असतो.

त्याच प्रथिनाची पुढे लस झाली. आधी रुग्णांच्या रक्तातून वेगळं काढून, मग १९८६ पासून यीस्टमध्ये बनवून. आपल्याकडे १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ साली भारतात जवळपास तीन कोटी लोकांना हा जुनाट आजार होता.

---

नर्सिंगची_विद्यार्थिनी

माझा प्रश्न राहिला. आडगावच्या बाजूला शिकते. तीन डोस पूर्ण घेतले, दोन महिन्यांनी टायटर (रक्तातली अँटी-एचबीएसची पातळी) केलं तर ६ आलं. मैत्रिणींचे पाचशे, हजार आहेत. एकीचं मात्र लहानपणी लस झाली होती, पूर्वी ११० होतं, आता ८ आलंय. आम्ही दोघी वॉर्डात जायचं की नाही?

---

गोदातीर

दोघींचं उत्तर वेगळं आहे. १० किंवा त्याहून जास्त आलं की संरक्षण मानतात. तुमच्या मैत्रिणीचं पूर्वी ११० होतं, म्हणजे तिच्या शरीराने एकदा उत्तर दिलंय. रक्तातली अँटीबॉडी काळाने घटते, पण स्मृती पेशी राहतात. विषाणू आला तर त्या काही दिवसांत पुन्हा अँटीबॉडी तयार करतात, आणि या विषाणूला पसरायला आठवडे लागतात, त्यामुळे त्या वेळेत पोचतात. निरोगी माणसाला म्हणूनच सहसा बूस्टर लागत नाही. तुम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी कॉलेज एक डोस देऊन टायटर पुन्हा पाहत असेल तर घ्यावा.

तुमचं ६ मात्र पहिल्याच वेळचं आहे. तीन डोसचा दुसरा कोर्स पूर्ण करा आणि शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी टायटर करा. पहिल्यांदा प्रतिसाद न दिलेल्यांपैकी बऱ्याच जणांत दुसऱ्या कोर्सने अँटीबॉडी येते. तरीही आली नाही तर एचबीएसएजी करून घ्या, आधीपासून लागण असेल तर तिथे कळेल. तीही निगेटिव्ह असली तरी वॉर्डात काम करता येतं. फक्त सुई टोचली तर तुमच्यासाठी लस पुरेशी नाही, एचबीआयजी घ्यावी लागेल, तीही शक्यतो २४ तासांत. हे तुमच्या हेल्थ कार्डावर लिहून ठेवा.

---

स्टाफनर्स_पंचवटी

आणि सुई टोचली तर बोट पिळू नको, साबणाने वाहत्या पाण्याखाली धू आणि त्याच ड्युटीत इन्चार्जला कळव. पोरी ओरडा बसेल म्हणून लपवतात. पेशंटचं एचबीएसएजी त्याच दिवशी करून घ्यायला सांग. सुयांना पुन्हा टोपण लावायचं नाही.

---

आई_होणारी

लोड तपासायला दिला. नवऱ्याला सांगितलं, उद्या तेही रक्त देणार आहेत. एक शेवटचं: बाळाला लागण झाली की नाही हे कधी कळेल? जन्मल्यावर लगेच तपासू का?

---

गोदातीर

लगेच तपासू नका, उगाच गोंधळ होईल. बाळाचं पहिलं वर्ष होत आलं की, नऊ महिन्यांनंतर आणि लशीचे सगळे डोस झाल्यावर, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस या दोनच तपासण्या करा. तोवर एचबीआयजीची उसनी अँटीबॉडी संपलेली असते, म्हणून दिसेल ती बाळाची स्वतःची. अँटी-एचबीसी कुणी करायला सांगितली तर थांबा, तुमची गेलेली अँटीबॉडी दीड-दोन वर्षंही बाळाच्या रक्तात दिसू शकते आणि घरात विनाकारण रडारड होते. एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीएस १० च्या वर आली की बाळ सुरक्षित. कमी आली तर बालरोगतज्ज्ञ लशीचे डोस पुन्हा देतील. लोडचा आकडा आला की इथे कळवा.